आगाऊ अंदाज, निर्णय आणि पाऊल: कनिष्ठ बॅडमिंटन गटाच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

या हंगामासाठी घेतलेल्या प्रकल्पाचा प्रश्न असा आहे: प्रतिस्पर्ध्याचा फटका बसण्याआधीच तो कुठे जाणार हे चांगल्या खेळाडूला कशावरून कळते, आणि हे कळणे सरावातून घडवता येते का? गटातील मुले-मुली १३ ते १६ वर्षांची आहेत. त्यांचे फटके घोटलेले आहेत. फीडर, म्हणजे सरावात शटल पुरवणारा, एकामागून एक शटल टाकू लागला की कोर्टाच्या सहाही कोपऱ्यांत (पुढचे दोन, मधल्या दोन बाजू, मागचे दोन) त्यांची पावले नेमकी पडतात आणि स्मॅशला जोरही असतो. सामन्यात मात्र हीच मुले अर्धे पाऊल मागे राहतात. ड्रॉप, म्हणजे नेटजवळ हळूच टाकलेला फटका, येतो आहे हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत शटल नेटच्या टेपखाली उतरलेले असते आणि मग उचलून देण्याखेरीज त्यांच्या हाती काही उरत नाही.

यावर आजवर आणखी फूटवर्क, आणखी दोरीउड्या आणि आणखी मल्टीशटल (एकामागून एक टाकलेल्या शटलांचा सराव) हाच उपाय केला गेला. माझी धारणा अशी आहे की उणीव पायांत नाही. मुले निघतात उशिरा, आणि ती उशिरा निघतात याचे कारण म्हणजे ज्या माहितीवरून निघायचे असते ती सरावात त्यांच्या डोळ्यांसमोर कधी येतच नाही. फीडर हाताने शटल टाकतो तेव्हा समोर कुणाचा खांदा वळत नाही, कोपर वर जात नाही, रॅकेट मागे खेचली जात नाही. हात पाहून पाऊल टाकायला शिकलेला खेळाडू सामन्यात रॅकेट पाहून वेळेवर निघेल, ही अपेक्षा कितपत रास्त आहे, हे या हंगामात तपासायचे आहे.

७ जून

दिवे लागताच हात मारायच्या फळ्या आणि प्रतिक्रिया तेज करणारे मोबाइलवरील खेळ घ्यावेत, अशी सूचना काही पालकांकडून आली आहे. ती मनापासून आलेली आहे, म्हणून नकाराचे कारण नीट लिहून ठेवतो.

पीटर मॅक्लाउड यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मॅटिंगखाली लाकडी दांड्या बसवून चेंडू टप्पा पडल्यावर कुठेही वळेल अशी व्यवस्था केली होती. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फलंदाजांनाही टप्प्यानंतर आपला फटका बदलायला सुमारे २०० मिलिसेकंद लागले. सामान्य माणसाची प्रतिक्रियाही साधारण तितकाच वेळ घेते. म्हणजे श्रेष्ठ फलंदाजाला मिळणारा जादा वेळ त्याच्या मज्जातंतूंच्या वेगातून येत नाही. पुढे २००० मध्ये मायकेल लँड आणि मॅक्लाउड यांनी फलंदाजांच्या नजरेचा माग घेतला. चेंडू हातातून सुटताना नजर त्यावर असते. मग ती चेंडूला सोडून थेट जिथे टप्पा पडणार त्या जागी जाऊन थांबते. अधिक कसलेल्या फलंदाजाची नजर तिथे अधिक लवकर पोहोचलेली होती. चेंडू जिथे अजून आलेला नाही तिथे पाहता येणे, हे त्या खेळातले खरे कसब म्हणायचे.

बॅडमिंटनमध्ये ही निकड आणखी तीव्र आहे. सात्विकसाईराज रंकीरेड्डी याच्या स्मॅशची २०२३ मध्ये विक्रम म्हणून नोंद झाली, ती ताशी ५६५ किलोमीटर वेगाची. पिसांमुळे हा वेग हवेत झपाट्याने घटतो हे खरे. तरीही जोरदार स्मॅश रॅकेटवरून सुटल्यापासून बचाव करणाऱ्यापर्यंत पोहोचायला अर्धा सेकंदही घेत नाही, आणि त्यातले २०० मिलिसेकंद नुसत्या प्रतिक्रियेत जातात. हा हिशेब जुळायचा तर वाचन फटक्याआधीच सुरू झालेले असले पाहिजे. फळीवरचा दिवा लागण्यापूर्वी कोणतीही खूण देत नाही. प्रतिस्पर्ध्याचे शरीर मात्र फटका बसण्यापूर्वी सतत काही ना काही सांगत असते. दिव्यांच्या फळीचा सराव केल्याने खेळाडू दिव्यांच्या फळीवर तरबेज होईल, आणि आपल्याला ते नको आहे.

१२ जून

चाचणीची पद्धत ठरली. ब्रूस अॅबरनेथी आणि रसेल यांनी १९८७ मध्ये बॅडमिंटनवरच केलेले काम हा तिचा आधार आहे. त्यांनी खेळाडूंना फटक्याची चित्रफीत दाखवली, ती फटका बसण्याआधी, बसताना किंवा त्यानंतर वेगवेगळ्या क्षणी तोडली, आणि शटल कुठे पडेल ते विचारले. काही चित्रफितींत शरीराचा एखादा भागच झाकला. निष्णात खेळाडूंना रॅकेटबरोबरच ती धरणाऱ्या हाताच्या हालचालीतूनही माहिती मिळत होती. नवशिक्यांची सारी भिस्त रॅकेटवर होती.

यातले मर्म मला असे वाटते. फटक्याची ताकद पायांतून कमरेत, कमरेतून खांद्यात, मग कोपर, मनगट आणि शेवटी रॅकेट अशी चढत जाते. रॅकेटचे तोंड ही या साखळीतली शेवटची कडी आहे. तिची माहिती सर्वांत खात्रीची, पण सर्वांत उशिराची. हाताची माहिती थोडी अस्पष्ट, पण आधीची. आगाऊ अंदाज म्हणजे ही अस्पष्ट पण लवकर मिळणारी माहिती वापरायला शिकणे.

आम्ही मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटी या गतीने, फटका घेणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून आणि कोर्टातल्या त्याच्या नेहमीच्या जागेवरून चित्रण करणार आहोत. बाजूने किंवा गॅलरीतून घेतलेले चित्रण सुबक दिसते, परंतु खेळाडूला सामन्यात ते दृश्य कधीच दिसत नाही. उत्तर कागदावर लिहायचे नाही. रॅकेट हातात घेऊन योग्य दिशेला पहिले पाऊल टाकायचे.

५ जुलै

पहिली चाचणी झाली. ठळक चित्र अपेक्षेप्रमाणेच आहे: फटका बसल्यानंतरचा थोडा भाग दिसला तर जवळजवळ सर्वांचे पाऊल बरोबर पडते, आणि चित्रफीत फटक्याआधी तोडली की बहुतेकांचे पाऊल हवेत राहते. नोंद घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. गटातली एक मुलगी फूटवर्कच्या वेळमापनात नेहमी मागच्या फळीत असते. फटक्याआधी तुटलेल्या चित्रफितींत मात्र ती सर्वांत भरवशाची ठरली. तिला विचारले तर कारण सांगता येत नाही. “क्लिअर असला की तो वेगळा उभा राहतो,” इतकेच ती म्हणाली. क्लिअर म्हणजे कोर्टाच्या मागच्या टोकापर्यंत उंच मारलेला फटका. ती लहानपणापासून मोठ्या भावंडांशी अर्ध्या कोर्टावर खेळत आली आहे. प्रशिक्षित सरावाचे तास तिच्या वाट्याला इतरांपेक्षा कमी आले आहेत. एका खेळाडूवरून निष्कर्ष काढता येत नाही. पण ज्ञान शब्दांत सांगता न येणे आणि ज्ञान नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवायला हवे.

११ जुलै

मुख्य प्रशिक्षकांशी दीर्घ चर्चा झाली. त्यांचा आक्षेप वजनदार आहे. प्रतिस्पर्धी समोर ठेवून सराव केला की एका तासात लागणाऱ्या फटक्यांची संख्या घटते, आणि कोवळ्या वयात फटका घोटला गेला नाही तर पुढे तो कधीच पक्का होत नाही. “ब्रॅडमन लहानपणी एकटाच गोल्फचा चेंडू टाकीवर आपटून स्टंपने मारत होता. त्याच्यासमोर कुठला गोलंदाज होता?” असे त्यांनी विचारले.

उदाहरण अतिशय चांगले आहे, आणि त्याचा दुसरा अर्धा भागही पाहिला पाहिजे. बाउरल गावातल्या त्या पाण्याच्या टाकीचा विटांचा चौथरा चेंडू कधी एकसारखा परत पाठवत नसे. मुलाला दर वेळी नवा कोन, नवा वेग, नवी उंची मिळत होती आणि दर वेळी पाय व हात नव्याने जुळवावे लागत होते. फीडरच्या हातातून येणारे शटल याच्या नेमके उलट असते: फीडर जितका चांगला, तितके प्रत्येक शटल आधीच्यासारखे.

सोव्हिएत शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोत कसबी कामगारांच्या हातोड्याच्या घावांचे चित्रण करून त्यांचा अभ्यास केला होता. हातोड्याचे टोक दर वेळी जवळपास त्याच ठिकाणी पोहोचत होते, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग दर घावाला थोडे थोडे बदलत होते. एका सांध्याची चूक दुसरा सांधा वाटेत भरून काढत होता. म्हणूनच त्यांनी सरावाला ‘पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती’ म्हटले: पुन्हा पुन्हा करायचे असते ते प्रश्न सोडवणे, ठरलेले उत्तर गिरवणे नव्हे. याच अर्थाने फटक्यांची संख्या कमी झाली तरी सोडवलेल्या प्रश्नांची संख्या वाढते, हे माझे म्हणणे मी त्यांच्यापुढे ठेवले.

आमचे एकमत पुढीलप्रमाणे झाले. नव्या फटक्याची ओळख, पकड बदलणे आणि दुखापतीनंतर परत येणे यांसाठी हाताने टाकलेली शटल राहतील. उरलेल्या वेळात फीडर रॅकेटने आणि खऱ्या जागेवरून फटका मारेल.

२४ जुलै

नवी रचना सुरू झाली. पहिला सराव साधा आहे. फीडर मागच्या कोपऱ्यात उभा राहतो, त्याच्याकडे खरोखर उंच शटल येते, आणि त्याला तिथून दोनच पर्याय असतात: सरळ क्लिअर किंवा सरळ ड्रॉप. समोरचा खेळाडू अर्ध्या कोर्टावर दोन्हींना उत्तर देतो. पर्याय दोनच ठेवण्यामागे हेतू आहे. सहाही कोपरे एकदम खुले केले तर मुले वाचणे सोडून पळू लागतात. एकच ठेवला तर वाचायला काही उरत नाही.

कार्ल न्यूवेल यांनी १९८६ मध्ये मांडलेली चौकट इथे उपयोगी पडते. खेळाडूचे शरीर, भोवतालची परिस्थिती आणि कामाचे नियम या तीन प्रकारच्या बंधनांमधून हालचाल आकार घेते. प्रशिक्षकाच्या हाती यांतील तिसरे बंधन सर्वांत सहज येते. ड्रॉपवर नेटच्या टेपच्या उंचीला शटल घेतले तर दोन गुण, खाली घेतले तर शून्य, एवढा एक नियम लावला. लवकर निघा असे ओरडून सांगण्याची गरज मग पडली नाही.

९ ऑगस्ट

सर्व्हिसच्या सरावात आखूड, उंच आणि ड्राइव्ह (सपाट व वेगवान) असे तीन प्रकार एका आड एक मिसळले आहेत. गुड आणि मॅगिल यांनी १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या याच तीन सर्व्हिसवर प्रयोग केला होता. मिसळून सराव केलेला गट नंतरच्या चाचणीत सरस ठरला, आणि दुसऱ्या बाजूच्या कोर्टातून सर्व्हिस करायला सांगितल्यावरही सरस ठरला. त्याआधी १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन यांनी प्रयोगशाळेतल्या साध्या हालचालींवर दाखवले होते की सलग एकच प्रकार करणारा गट सरावादरम्यान चांगला दिसतो, पण नंतर त्याच्याकडे कमी उरते.

हे पालकांना समजावणे आवश्यक आहे, कारण सराव पाहायला आलेल्यांना सध्या सर्व्हिस पूर्वीपेक्षा विस्कळीत दिसते. मुलांनाही अस्वस्थ वाटते. त्यांना मी स्पष्ट सांगितले की सरावाच्या तासात फटका किती नीट दिसला यावरून शिकणे मोजायचे नाही. आठवड्यानंतर, ओळखीच्या नसलेल्या परिस्थितीत तो किती टिकला यावरून मोजायचे.

२७ ऑगस्ट

आजची नोंद स्प्लिट स्टेपबद्दल आहे, कारण माझ्या मते आगाऊ अंदाज आणि हालचाल यांची गाठ या छोट्याशा उडीत बांधलेली आहे.

प्रतिस्पर्ध्याचा फटका बसण्याच्या सुमारास घ्यायची ही हलकी उडी मुलांना लयीची सवय म्हणून शिकवली गेली आहे. शॅडो सरावात, म्हणजे शटलविना केलेल्या पावलांच्या सरावात, ती मध्यभागी येतात, उडी घेतात, आणि पुढच्या कोपऱ्याकडे निघतात. समोर कुणीच नसल्याने उडीची वेळ त्यांची स्वतःची असते. सामन्यातही ती तशीच राहिली. सामन्याचे चित्रण संथ गतीने पाहिले तर अनेकजण प्रतिस्पर्ध्याची रॅकेट शटलला लागण्यापूर्वीच जमिनीवर उतरलेले आणि दोन्ही तळव्यांवर स्थिर झालेले दिसतात. उतरताना पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू ताणले जातात, आणि त्या ताणातूनच पुढच्या ढकलीला जोर मिळतो. तो ताण लगेच वापरला नाही तर वाया जातो आणि शरीर पुन्हा शून्यातून सुरू होते.

कसलेल्या खेळाडूचे पाय दिशेची पहिली खात्री होता होता उतरतात. त्यामुळे उतरण्याची क्रियाच निघण्याची क्रिया बनते: एक पाय आधी टेकतो, दुसरा हवेतच जायच्या दिशेकडे वळलेला असतो. ही जुळणी आकडे मोजून शिकवता येत नाही, कारण प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या फटक्याची लय निराळी असते. ती समोरच्या माणसाच्या हालचालीलाच बांधावी लागते. म्हणून शॅडो सरावही आता जोडीने होतो: एकजण नेटपलीकडे शटलविना खरा फटका मारल्यासारखा रॅकेट फिरवतो आणि दुसरा त्यावरून उडीची वेळ आणि दिशा ठरवतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी पाहणे आणि हालचाल ही एकमेकांना घडवणारी एकच क्रिया मानली होती. तिचा इतका उघड दाखला मला दुसरा ठाऊक नाही.

१९ सप्टेंबर

निर्णयाविषयी. रॅली संपताच “क्रॉस का नाही मारलास?” असे विचारणे आम्ही थांबवले आहे. जॉन्सन आणि राब यांच्या २००३ च्या अभ्यासात हँडबॉलपटूंना खेळाचे दृश्य एका क्षणी गोठवून दाखवले आणि सुचतील ते सर्व पर्याय सांगायला लावले. खेळाडूंना सर्वांत आधी सुचलेले पर्याय सरासरीने नंतर सुचलेल्यांपेक्षा चांगले होते. मुरलेल्या खेळाडूच्या पहिल्या सुचण्यात त्याचा सारा अनुभव असतो. आपल्या टीकेमुळे तो दुसऱ्या-तिसऱ्या पर्यायाकडे वळू लागला तर उशीर आणि घसरण दोन्ही पदरी पडतात. आता आम्ही विचारतो: “तू काय पाहिलेस?” उत्तर पुष्कळदा एका शब्दाचे असते. त्यावर भाष्य न करता तोच प्रसंग पुन्हा उभा करतो.

८ ऑक्टोबर

मधल्या चाचणीत पहिले पाऊल लवकर पडू लागले आहे, आणि त्याबरोबरच एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. एक मुलगा ड्रॉपच्या दिशेने इतका आधी निघतो की चांगले प्रतिस्पर्धी त्याच्या डोक्यावरून शटल मागे ढकलू लागले आहेत. तो शरीर वाचत नाही. तो शक्यता वाचतो आहे. मागच्या तीन रॅलींत ड्रॉप आला म्हणून आताही येईल, असा त्याचा हिशेब आहे. हा हिशेब टाकाऊ नाही. प्रतिस्पर्धी बॅकहँडच्या खोल कोपऱ्यात अडकला असेल तर त्याच्याकडे पर्यायच थोडे उरतात, आणि तिथे शक्यतेवर पाऊल टाकणे शहाणपणाचे आहे. मात्र प्रतिस्पर्धी शटलखाली वेळेवर पोहोचलेला असेल तर रॅकेट रोखून धरून हुलकावणी देण्याची मुभा त्याला असते, आणि तिथे आधी निघणारा फसतो.

यातून सरावासाठी एक उपयुक्त खूण सापडली: प्रतिस्पर्ध्याकडे किती वेळ आहे हे आधी वाचायचे, मग तो कुठे मारणार हे. हुलकावणीला वेळ लागतो. ज्याच्याकडे वेळ नाही त्याचे शरीर खोटे बोलू शकत नाही. तेव्हा फीडरला आता कधी सोपे उंच शटल मिळते, कधी त्याला मागे ताणले जाते, आणि समोरच्या खेळाडूने त्याप्रमाणे आपली निघण्याची वेळ पुढे-मागे करायची असते.

२२ ऑक्टोबर

चित्रफितींचाच रोज सराव का करू नये, अशी विचारणा झाली. त्या सोयीच्या आहेत आणि कोर्टही अडत नाही. डिक्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पेनल्टी अडवणाऱ्या गोलरक्षकांची नजर तपासली होती. पडद्यासमोर उत्तर देताना त्यांची नजर मारणाऱ्याच्या शरीरावर अधिक होती. प्रत्यक्ष चेंडू अडवताना ती चेंडूकडे लवकर गेली आणि तिथे जास्त काळ राहिली. काम बदलले की पाहणेही बदलते. म्हणून चित्रफीत आमच्याकडे चाचणीपुरती राहील. दुखापतीमुळे बाहेर बसलेल्यांना मात्र ती नेमाने दाखवली जाईल, कारण त्यांच्यासाठी पर्याय चित्रफीत की कोर्ट असा नसून चित्रफीत की काहीच नाही असा आहे.

३० नोव्हेंबर

हंगामअखेरची चाचणी आणि स्पर्धांचे चित्रण दोन्ही पाहून झाले. फटक्याआधी तुटणाऱ्या चित्रफितींत गट निश्चित सुधारला आहे. माझ्या लेखी अधिक मोलाचे ते सामन्यांत दिसले: नेटजवळ शटल टेपच्या उंचीला घेण्याचे प्रसंग वाढले आहेत, आणि लांब रॅलींनंतर होणारी दमछाक कमी दिसते, कारण लवकर निघालेल्याला धावण्याऐवजी चालत पोहोचता येते. फटक्यांचा दर्जा घसरलेला नाही, हे मुख्य प्रशिक्षकांनी स्वतः पाहून नोंदवले. याच काळात मुलांची उंची आणि ताकदही वाढली आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे सगळे श्रेय नव्या रचनेला देता येणार नाही.

१४ डिसेंबर

पुढील हंगामाची आखणी. चाचणीतील खेळाडू मुलांच्या रोजच्या ओळखीचे होते, तेव्हा नव्या चित्रफिती अनोळखी खेळाडूंच्या घ्यायच्या, आणि त्यांत डावखुऱ्यांचे फटके मुद्दाम जास्त ठेवायचे. डावखुऱ्यांचे फटके ओळखणे सर्वांनाच जड जाते, हे टेनिसमधील प्रयोगांतही दिसले आहे. दुहेरीचा विचार या हंगामात झाला नाही. तिथे प्रतिस्पर्ध्याबरोबर आपल्या पुढे उभ्या जोडीदाराची पाठही वाचावी लागते, त्यामुळे कॅमेऱ्याची जागा नव्याने ठरवावी लागेल. आणि १३ वर्षांखालील गटाला रॅकेटने दिलेली शटल जानेवारीपासूनच सुरू करायची आहेत, सुरुवातीला हळू, दोनच पर्यायांची, पण समोर खऱ्या फटक्यासाठी वळणारा खांदा असलेली.